ज्याला येत नाही त्याने डावा

भिवंडी
२१ नोव्हेंबर २००६

ती. स्व. राघोमामा आणि मामी,

तुम्हा दोघांना मेघालीचा नमस्कार. फोन करून उपयोग नाही हे तुमच्या जीवनदादाने आधीच सांगितलं. एका कानाने तुम्हाला ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कानाने तुम्ही ऐकत नाही, असं मामी म्हणते म्हणे. तेव्हा पत्रच बरं. तुम्ही जन्मभर मास्तरकी केलीत, शिक्षकांच्या सभा गाजवल्यात. मी अजून टाचणंच काढते आहे. पण काल पहिल्यांदा वाटलं, मला हे जमेल.

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाचे सरावपाठ सुरू झालेत. एक मुलगी वर्गावर शिकवते, बाकीच्या मागे बसून तिच्या चुका लिहून घेतात, आणि प्रितेश सर आमच्या चुका काढण्यातल्या चुका काढतात. पाठासाठी आम्हाला दापोड्याला नेतात. संस्थेच्या मराठी शाळेची इमारत अजून व्हायची आहे, म्हणून तिसरीचा वर्ग शेठनी स्वतःच्याच गोडाऊनच्या माळ्यावर बसवला आहे. शेठ म्हणजे आमचे संस्थाचालक. खाली माल, वर मुलं. लोखंडी जिना एकच, आणि त्याच्या तोंडाशी शटर. पाठ सुरू झाला की रामनाथ वॉचमन ते बाहेरून ओढून घेतो. नाहीतर ट्रकच्या हॉर्नपुढे कुणाचंच काही ऐकू येत नाही, आणि चौथ्या तासाला पोरं खाली पळतात.

माझी मैत्रीण उन्नती दापोड्याचीच आहे. जिथे आज गोडाऊन आहे तिथे तिच्या आजोबांचं भातशेत होतं. "अगो, मी माझ्याच शेतान मास्तरीण व्हायला आले," असं म्हणून हसते. वर गेलं की रंगाच्या दुकानात शिरल्यासारखा वास येतो. पहिल्या तासाला डोकं दुखतं, दुसऱ्या तासाला वास कळेनासा होतो. उन्नती म्हणते, खाली कापडाचे रंग ठेवत असतील.

पण सांगायचं ते वेगळंच. काल माझा दिशांवरचा पाठ होता. मी पहिला प्रश्न विचारला आणि मामा, वर्गातले सगळे हात वर गेले. एकूण एक. हमालांची, लूमवर काम करणाऱ्यांची मुलं ही. सरांनी माझ्या वहीत 'उत्कृष्ट प्रतिसाद' असा शेरा लिहिला. तुम्ही असता तर खूश झाला असता.

तुमची,
मेघाली


खैरपाडा, ता. वाडा
२८ नोव्हेंबर २००६

चि. मेघाली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि गुरुवारी वाड्याला निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं. "तुमचं मोठ्याने म्हणजे एसटी स्टँडपर्यंत," असं मामी म्हणते. जाऊ दे. अशी गोष्ट एसटी स्टँडपर्यंत जायलाच हवी.

गरिबाच्या मुलाला जग सगळ्यात आधी काय शिकवतं माहीत आहे? हात खाली ठेवायला. दुकानात कशाला हात लावू नको. साहेबासमोर हात बांधून उभा राहा. देवळात लांबूनच हात जोड. असं मूल तुझ्या वर्गात येतं आणि हात वर करतं, तेव्हा ते दिशांच्या प्रश्नाचं उत्तर देत नसतं. ते जगाला सांगत असतं की मी इथे आहे आणि मला काहीतरी बोलायचं आहे. मी फळ्यासमोर उभा राहून जन्मभर एकाच हाताची वाट पाहिली, मागच्या रांगेतल्या हाताची. तो कधी कधी दिसला. तुला पहिल्याच पाठाला सगळे दिसले.

हे तू कसं केलंस ते मात्र सविस्तर लिही. बैठकीत सगळे विचारत होते. दाजी गुरुजी म्हणाले, एवढे हात कधी वर जात नाहीत, पोरगी थापा मारते. त्यावरून मी त्यांच्याशी भांडलो. आम्ही बोलत नाही.

तुझा,
राघोमामा


भिवंडी
३ जानेवारी २००७

ती. स्व. मामा,

दाजी गुरुजींशी बोलायला लागा.

इतके दिवस पत्र लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. तुम्ही ते पत्र बैठकीत वाचलंत हे कळल्यावर दोन दिवस जेवण गेलं नाही. मी खोटं लिहिलं नव्हतं. पण सगळंही लिहिलं नव्हतं.

प्रितेश सरांनी सुरुवातीलाच एक युक्ती सांगितली होती. दरवर्षी सगळ्याजणी ती वापरतात. पाठाच्या आदल्या दिवशी मुलांना सांगायचं: बाईंनी प्रश्न विचारला की प्रत्येकाने हात वर करायचा. ज्याला येतं त्याने उजवा. ज्याला येत नाही त्याने डावा. परीक्षकाला दिसतं की सगळा वर्ग उत्तर द्यायला उतावीळ आहे. आपण फक्त उजव्या हातांना उठवायचं. सर म्हणतात, परीक्षक उत्तरं ऐकत नाही, तो हात बघतो.

मी विचारलं, "सर, मग डाव्या हातांचं काय?" तर सगळे हसले. उन्नती मागून म्हणाली, "त्यांचा हात दुखल, मंग ते न्हाय करायचे."

मुलांना हा खेळ आवडतो. आता पाठ नसतानाही तसंच करतात. काल एकीला नाव विचारलं तर तिने आधी उजवा हात वर केला.

मामा, माझं चुकलं असेल. पण इथे सगळेच करतात, आणि वार्षिक पाठात नापास झाले तर पुन्हा वर्षभर थांबावं लागेल. बाबा थांबतील, गावातले तोंड बंद ठेवणार नाहीत. मला बाई व्हायचं आहे. दुसरं काही व्हायचं कधी मनातच आलं नाही.

मेघाली


खैरपाडा
११ जानेवारी २००७

मेघाली,

मी दाजी गुरुजींच्या घरी जाऊन त्यांची माफी मागून आलो. तीही मोठ्यानेच मागावी लागली, त्यांनाही कमी ऐकू येतं. पण मी रागावलो आहे तो त्या फजितीमुळे नव्हे.

शाळा ही एक विचित्र जागा आहे. बाजारात, शेतावर, कोर्टात ज्याला ठाऊक नसतं तो विचारतो. शाळेत ज्याला उत्तर ठाऊक आहे तोच विचारतो, आणि ज्याला ठाऊक नाही तो घाम पुसतो. हे उलटं काम आपण एकाच कारणाने खपवून घेतो. त्यातून कळतं की कोण मागे राहिलंय, म्हणजे त्याच्याकडे जाता येतं. ज्याला येतं त्याला तुझी गरज किती? ज्याला येत नाही त्याच्यासाठी तो फळा आहे, ती घंटा आहे, तुझा पगार असणार आहे. आणि त्यालाच तू काय शिकवलंस? तू हात वर कर बाळा, म्हणजे मला तुला नीट ओळखून टाळता येईल.

तू म्हणतेस, सगळेच करतात. हे वाक्य मी मोठमोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. प्रत्येक वेळी कुणाच्या तरी अंगावर काहीतरी कोसळल्यानंतर.

आणखी एक लक्षात घे. ही खूण तुझ्या परीक्षेबरोबर संपणार नाही. हजर राहायचं, हात वर करायचा आणि काही सांगायचं नाही, हे त्या मुलांच्या अंगवळणी पडतंय. अशा मोठ्या माणसांनी भरलेल्या सभांपुढे मी बोललो आहे. हजारो हात वर होते. दुसऱ्या दिवशी एकही साक्षीदार नव्हता.

बंद कर हे.

राघोमामा

ता. क. मामी म्हणते, पोरीला एवढं लागेल असं लिहू नका. मी म्हटलं, लागावं म्हणूनच लिहितोय. तिने तुला तिळाचे लाडू पाठवलेत, जीवनबरोबर.


भिवंडी
१५ फेब्रुवारी २००७

ती. स्व. मामा,

लाडू मिळाले. मामीला सांगा, उन्नतीने एकटीने निम्मे खाल्ले.

तुमचं पत्र मी उशीखाली ठेवलं आहे, पण तुम्ही सांगितलंत ते केलेलं नाही. वार्षिक पाठ पंधरवड्यावर आलेत. बाहेरचे परीक्षक येणार आहेत. आता मुलांना नवं काही सांगितलं तर त्यांचा गोंधळ उडेल आणि माझ्याबरोबर बाकीच्याही बुडतील. परीक्षा झाली की त्याच दिवशी ही खूण मोडीन. शपथ.

घटकांच्या चिठ्ठ्या निघाल्या. मला आणि उन्नतीला एकच घटक आला: 'हवा'. जळण्यासाठी हवा लागते, हे प्रयोगाने दाखवायचं. बशीत मेणबत्ती पेटवायची, वर काचेचा पेला उपडा घालायचा, मेणबत्ती विझते. सोपा आहे आणि छान दिसतो. प्रयोगाला वेगळे गुण आहेत. उन्नती तर दोन मेणबत्त्या लावणार आहे, एक उघडी आणि एक झाकलेली. "तुझ्यापेक्षा माझा उजेड जास्त पडल," म्हणते.

वर्गाचं म्हणाल तर बहुतेक मुलं चांगली तयार झालीत. काळजी एकाच मुलीची वाटते. ठकी तिचं नाव. तिचा बाप खाली हमाली करतो, गोडाऊनच्या मागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात. मोखाड्याकडची आहेत. तिचा हात नेहमी डावाच. कुठलाही प्रश्न विचारा, सोपा असो की अवघड, डावा हात ताठ वर आणि डोळे माझ्यावर. तिची पाटीही पाहावत नाही, सगळं फरफटलेलं असतं, एक ओळ धड नसते. इतकं काहीच न येणारं मूल मी पाहिलं नाही. तरी रोज येते, पहिल्या रांगेत बसते. तुमच्या त्या पत्रानंतर तिच्याकडे बघवत नाही.

मेघाली


खैरपाडा
२० फेब्रुवारी २००७

चि. मेघाली,

उपदेश एकदा केला, पुन्हा करत नाही. एकच प्रश्न विचारतो, आणि मला त्याचं उत्तर खरोखर ठाऊक नाही.

ती ठकी खडू कोणत्या हातात धरते?

काहीच न येणारं मूल पहिल्या रांगेत बसत नाही, ते खांब शोधतं. दर प्रश्नाला हात ताठ वर करून बाईंच्या डोळ्यात बघतही नाही. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याची पाटी अशीच पुसलेली असायची. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते. जो डाव्या हाताने लिहितो त्याचा तळवा त्याच्याच अक्षरावरून फिरतो.

उद्या सकाळी तिला खडू दे आणि बघ.

राघोमामा


भिवंडी
२७ फेब्रुवारी २००७, मंगळवार

ती. स्व. मामा,

ती डावखुरी आहे.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. काल सकाळी मी तिला खडू दिला, तिने डाव्या हातात घेतला आणि माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव, आडनावासकट. लिहिता लिहिता तळव्याने पुसत गेली. मी विचारलं, "ठके, तुला नियम कळला नव्हता का गं?" म्हणाली, "कळला हुता बाई. पन हात आपसूक त्योच जातो." तीन महिने तिला प्रत्येक उत्तर येत होतं आणि मी तिला एकदाही उठवलं नाही. मी तिला सांगितलं की आता उजवा वर करत जा. ती मान हलवून हो म्हणाली.

आज माझा पाठ झाला. बाहेरचे दोन परीक्षक मागे बसले होते, त्यांच्या शेजारी प्रितेश सर. रामनाथने शटर ओढलं. प्रस्तावना झाली, हेतुकथन झालं. मी बशीत मेणबत्ती उभी केली, काडेपेटी हातात घेतली आणि विचारलं, "आता मी काय करणार आहे?" सगळे हात वर गेले. ठकीचा डावाच होता. या वेळी ती अर्धी उठली होती आणि हात हलवत होती.

मी तिला उठवलं. सरांनी मागून मान हलवली, नको म्हणून.

ठकी म्हणाली, "बाई, हितं काडी पेटवायची न्हाय. खाली पिंपं हायत. माझ्या बाला जिन्यात बिडीबी वढू देत न्हाईत, मुकादम मारतो."

मामा, तेव्हा मला तो वास पुन्हा आला. नोव्हेंबरपासून येत नव्हता, इतकी सवय झाली होती. मी काडेपेटी टेबलावर ठेवली. प्रयोग तोंडी सांगून पाठ संपवला.

परीक्षकांचा शेरा असा: 'प्रयोग केला नाही. पाठाचा ओघ तुटला.' सर बाहेर जिन्यात म्हणाले, "मॅडम, ही परीक्षा आहे, गावची चावडी नाही. पोरगी काहीही बोलेल. खालची पिंपं रिकामी आहेत." मी म्हटलं, मग मुकादम बिडी का ओढू देत नाही? म्हणाले, "तू तुझ्या निकालाचं बघ." निकाल मला कळला आहे.

उद्या सकाळी उन्नतीचा पाठ. मी तिच्या घरी जाऊन आले. हातापाया पडले. ती म्हणाली, "अगो मेघाले, तुझा पाठ गेला तो गेला, आता माझा नको घालवू. मना मास्तरीण व्हावाची हाय." मी म्हटलं, निदान एकच मेणबत्ती लाव. हसली आणि म्हणाली, "बरं आजीबाई."

शेठच्या ऑफिसात गेले, भेटले नाहीत. आता माझ्या हातात एकच गोष्ट आहे. उद्या मी जिन्याच्या तोंडाशी शटरखाली बसणार आहे. मी उठल्याशिवाय रामनाथला ते ओढता येणार नाही. लोक वेडी म्हणतील.

पत्र सकाळी जाताना पेटीत टाकते.

मेघाली


खैरपाडा
४ मार्च २००७

चि. मेघाली,

तुझं पत्र मला काल मिळालं. वर्तमानपत्र त्याआधी गुरुवारीच मिळालं होतं.

त्यात चार ओळी होत्या. गोडाऊनच्या माळ्यावरील वर्गाला आग, मुलं सुखरूप, पाठ घेणाऱ्या छात्राध्यापिकेचा होरपळून मृत्यू, मेणबत्तीमुळे दुर्घटना झाल्याचा संस्थेचा खुलासा. नाव नव्हतं. तुझ्या मामीने ते चार वेळा वाचायला लावलं, जसं काही पाचव्यांदा नाव निघेल. जीवन त्याच दुपारी भिवंडीला निघाला. रात्री परत येऊन त्याने माझ्या कानाशी ओरडून सांगितलं की तू आहेस. ओरडून सांगितलं म्हणून सगळ्या पाड्याला कळलं, आणि तुझ्या मामीने अंगणात बसकण मारली. तरी काल पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं तेव्हा मी आधी शिक्क्यावरची तारीख वाचली. अक्षरावरून कळत नाही की लिहिणारा आता कसा आहे.

मी स्वतः येणार होतो. जीवन म्हणाला, ती कुणाशी बोलत नाही आणि तुम्हाला ऐकू येत नाही, दोघं समोरासमोर बसून काय करणार. म्हणून लिहितो.

वास तू नोव्हेंबरच्या पत्रात लिहिलास आणि मेणबत्ती फेब्रुवारीच्या. मी दोन्ही पत्रं वाचली. एकत्र वाचली नाहीत. मी हातांचा विचार करत बसलो. हे मला सोडणार नाही, पण ते माझं मी बघेन.

तू शटरखाली बसलीस म्हणून मुलं उतरली, असं रामनाथने जीवनला सांगितलं. भांडून भांडून तुला उठवत होता तो, आणि तेवढ्यात वर आवाज झाला, हे सांगताना रडत होता म्हणे. आता पुढचं ऐक. संस्थेने सगळं त्या गेलेल्या मुलीवर टाकलं आहे. मेणबत्ती तिची, निष्काळजीपणा तिचा, खाली काही नव्हतंच. मेलेल्या माणसाला उलटतपासणी घेता येत नाही, म्हणून असल्या लोकांना ते फार सोयीचं असतं. चौकशीला अधिकारी येईल. त्याने विचारण्याची वाट बघू नकोस.

राघोमामा


भिवंडी
१८ मार्च २००७

ती. स्व. मामा आणि मामी,

मी आता बोलते आहे. तुमचं पत्र आलं त्या रात्री उत्तर लिहायला घेतलं, तेव्हाच आवाज फुटला, तोही कुणाशी नाही, नुसतं लिहिलेलं वाचताना.

उन्नतीने एकच मेणबत्ती लावली होती. माझं तेवढं ऐकलं होतं. मोठा आवाज झाला, मग धूर, मग मुलं, परीक्षक, सर माझ्या अंगावरून, खांद्यांवरून खाली. वरून तिचा आवाज येत होता, "हळू, पडाल रे, हळू." ती शेवटी निघाली तोवर जिन्यात आग शिरली होती. मी शटर धरलं होतं मामा. काडी धरायला हवी होती.

आठवड्याने प्रितेश सर हॉस्टेलवर आले. सोबत फळं. म्हणाले, "तुझा पाठ पुन्हा घ्यायचं ठरलंय, परीक्षकांशी बोलणं झालंय. तू हुशार आहेस. जे झालं ते उन्नतीच्या नशिबात होतं." मी फळं रेक्टरबाईंना दिली.

चौकशीचे साहेब शुक्रवारी आले. मी त्यांना पिंपांचं सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं नाही. म्हणाले, "तुम्ही पाठात नापास झालात ना? संस्थेवर तुमचा राग आहे असं इथे सांगतात." पिंपं तर आदल्या आठवड्यातच हलवली होती, राहिलेली राख धुऊन काढली होती. साहेब वाईट नव्हते. थकलेले होते. म्हणाले, "मुलांना विचारून बघतो. मुलं खोटं बोलत नाहीत."

वर्ग आता गावच्या समाजमंदिरात भरतो. मुलं जमिनीवर बसली होती. शेठ खुर्चीवर, सर दाराशी. मीही मागे उभी राहिले. साहेबांनी मऊ आवाजात विचारलं, "बाळांनो, तुमच्या शाळेच्या खाली काय ठेवलेलं होतं? कुणाला माहीत आहे?"

सगळे हात वर गेले.

साहेबांचा चेहरा खुलला. मी बघत होते. डावे, डावे, सगळे डावे. आदल्या दिवशी त्यांना कुणी बसवून सांगितलं असणार. नवं काही शिकवावं लागलं नाही, माझंच पुरलं.

साहेबांनी एकाला उठवलं. तो गप्प. दुसरीला उठवलं. ती खाली बघत राहिली. साहेब म्हणाले, "अरे, मग हात कशाला वर केलात?" कुणी हात खाली घेतला नाही. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

तेव्हा पहिल्या रांगेत मला एक हात दिसला. अवघडलेला, कोपरात वाकलेला, सवय नसलेला. उजवा. ठकीने डाव्या हाताने तो दंडाशी धरून वर ठेवला होता.

मी पुढे गेले. म्हटलं, "साहेब, या वर्गात डावा हात म्हणजे माहीत नाही. उजवा म्हणजे माहीत आहे. उजव्या हाताला विचारा." सर म्हणाले, "मॅडम." एवढंच. साहेबांनी विचारलं, "हे कुणी शिकवलं मुलांना?" मी म्हटलं, "मी शिकवलं."

मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं. ठकी उभी राहिली आणि तिने सांगितलं. पिंपं किती दिवस होती, कुठली गाडी यायची, बाप काय काय उतरवायचा, मुकादम काय म्हणून मारायचा. बोलताना हात खाली घ्यायचं तिला सुचलं नाही. साहेबांनी सगळं लिहून घेतलं, माझंही घेतलं. उन्नतीचे वडील मागच्या भिंतीला टेकून उभे होते.

माझा पाठ पुन्हा होणार नाही. मुलांना बनवाबनवी शिकवली म्हणून वर्षच रद्द करा, असं संस्थेने कळवलं आहे. ते खरंच आहे, मी विरोध करणार नाही. मी यासाठी लिहीत नाहीये.

आज सकाळी ठकीकडे गेले होते. तिच्यासाठी पाटी घेतली होती. पत्र्याच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत काही नव्हतं. चूल मोडलेली होती. शेजारच्या बाईने आधी आपलं दार ओढून घेतलं. मग म्हणाली, काल मुकादम टेम्पो घेऊन आला, चला म्हणाला, दुसरीकडे काम आहे. कुठे ते सांगितलं नाही. ठकीचा बाप विचारत होता, त्याला दोघांनी धरून चढवलं.

दाराच्या आतल्या बाजूला खालच्या पत्र्यावर खडूने लिहिलेलं आहे. माझं नाव स्पष्ट आहे, ते तिने आधी लिहिलं असणार, सावकाश. पुढे गावाचं नाव आहे, टेम्पोत कुणी बोलताना तिने ऐकलं असेल. ते घाईत लिहिलं आहे, आणि लिहिता लिहिता तिच्याच तळव्याने पुसलं गेलं आहे. पहिलं अक्षर 'वा' आहे, शेवटी 'ली' असावं. मधलं काही लागत नाही. मी उजेड वेगवेगळ्या बाजूंनी पाडून पाहिला. साहेबांच्या ऑफिसला आज रविवारची सुट्टी आहे. पोलिसांकडे जाऊन आले, तर त्यांनी विचारलं, तुम्ही त्या मुलीच्या कोण? मी तिची बाई, असं म्हटलं, तर म्हणाले, अजून झाला नाहीत ना?

मामा, तुम्ही पुसलेल्या पाट्या वाचल्या आहेत. मी ते अक्षर जसं दिसतं तसं मागच्या पानावर काढलं आहे, पुसलेल्या रेघांसकट. मी तो पत्रा पिशवीने झाकला आहे आणि समोर बसून हे लिहिते आहे, कारण शेठनी रामनाथला दार धुऊन काढायला सांगितलंय. तो दोनदा बादली घेऊन आला आणि मला बसलेली बघून परत गेला.

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. जीवनदादा दुपारी येतोय, त्याच्या हाती देते. वाचून लगेच या.

मेघाली